श्रद्धा आहे, तरी एकटं का वाटतं?

प्रश्न: आई गेल्यापासून रोज प्रार्थना करते. तेवढा वेळ बरं वाटतं. उठले की घर खायला उठतं. फोन हातात घेते, पण कुणाला लावावा सुचत नाही. माझी श्रद्धाच कमी पडतेय का?

उत्तर: अजिबात नाही! मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांच्या अभ्यासात दिसतं, की देव सोबत आहे असं मानणाऱ्याला आधार मिळतो. देव शिक्षा देतोय असं वाटलं की त्रास वाढतो. तुम्ही स्वतःलाच दोष देताय, याची मला जास्त काळजी वाटते.

उत्तर: सामूहिक प्रार्थनेला जाऊन बघा. मी तिथे खुर्च्या मांडायला लागले. आता उशीर झाला तर कुणीतरी विचारतं.

प्रश्नकर्ती: मावशीला फोन लावते. आईबद्दल बोलायला तिलाही कुणी नाही.