गोठा चारही बाजूंनी बंद करू नका

दादा, थंडी पडायच्या आत गोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री लावणार असं तुम्ही लिहिलंय. कळकळीनं सांगते, तसं करू नका. मुताचा अमोनिया आत कोंडतो आणि वासरांच्या छातीला त्रास होतो. आमच्या कोरेगावकडच्या गोठ्यात दोन वर्षांपूर्वी असंच झालं, चांगली कालवड न्यूमोनियानं गेली. अजून तिची जागा रिकामी दिसली की जीव कळवळतो. आता वाऱ्याच्या बाजूलाच पडदा सोडतो, तोही रात्रीपुरता, आणि छपराजवळ हातभर फट ठेवतो.

खरी थंडी खालून लागते. ऊसतोड सुरू झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, हवं तेवढं मिळतं. ते पेटवण्यापेक्षा वासरांखाली वीतभर अंथरा, ओलं झालेलं रोज काढा. नव्या वासराला गोणपाटाची झूल घाला. पण त्याआधी चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध, जन्मल्यावर तासाभरात! गाईची वार (जार) पडायची वाट बघत बसू नका. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जायला हवा, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा मिळून.

नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जनावरं असतील तर खनिज मिश्रण द्याच, वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. सकाळी टाकीतलं गार पाणी नको, विहिरीचं ताजं उपसलेलं कोमट असतं.

आणि लाळ्या-खुरकूतची लस टोचलीय ना? ऊस वाहणाऱ्या कारखान्याच्या बैलगाड्या रस्त्यावर यायच्या आधी ती व्हायला हवी, बाहेरच्या बैलांकडून हा रोग आपल्या जनावरांना लागू शकतो.