मदत हवी आहे: चिकन स्टिकसाठी (बारीक सॉसेज) केसिंग, म्हणजे खिमा भरायचं आवरण, किती मिलिमीटरचं घेऊ?

घरी गोव्याच्या पद्धतीचं चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) करतो, डुकराच्या मीठ लावलेल्या आतड्यांत, ३२-३५ मिमी. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायची, आतून पाणी सोडायचं, की काम सुरळीत. आता खिमा भरायच्या त्याच मशीनवर करंगळीएवढ्या चिकन स्टिक करायच्या आहेत आणि तिथे गाडी अडली आहे.

मेंढीची २०-२२ मिमीची आतडी आणली. चवीला झकास, पण मशीनची सगळ्यात बारीक नळी बाहेरून १६ मिमी आहे. आतडं तिच्यावर चढवतानाच फाटतं. मग १९ मिमीचं कोलॅजनचं (कातडीतल्या प्रथिनाचं) तयार केसिंग घेतलं. ते कोरडंच सरकन चढलं, पण स्टिक वेगळ्या करायला दिलेला पीळ टिकत नाही आणि ओव्हनमध्ये टांगलं की आकड्यापाशी तुटून स्टिक खाली.

खिमा बारीक जाळीचा, मिश्रण थंडगार असतं. स्मोकर नाही, ओव्हन ८० अंशांवर ठेवतो. क्युरिंग सॉल्टचं (मांस टिकवायच्या खास मिठाचं) प्रमाण नीट माहीत आहे, प्रश्न फक्त केसिंगचा. आणि घरात बीफ चालत नाही. हे कोलॅजन बहुधा गुरांच्या कातडीचंच निघतं, म्हणून उरलेलं तसंच पडून आहे.

तर १२ मिमीची नळी मिळवून मेंढीचंच आतडं वापरू, की टांगायला चालणारं, बीफ नसलेलं १९ किंवा २१ मिमीचं केसिंग पुणे-मुंबईत कुठे किरकोळीत मिळतं?