शंभर डॉलरखालची बर्बन फक्त कोकमध्ये ढकलायची?

ओहायोकर
परवा एडिसनच्या पाटलांनी बर्बनबद्दल, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीबद्दल, लिहिलं, "शंभर डॉलरखालची बर्बन मी पाहुण्यांसमोर ठेवत नाही, ती कोकमध्ये ढकलायची." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या कपाटात आज इव्हान विल्यम्सचा पांढऱ्या लेबलचा खंबा आहे. वीस डॉलरच्या आसपास पडला. बॉटल्ड इन बॉण्ड आहे, म्हणजे 1897 च्या कायद्याने बांधलेला: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान चार वर्षं पिंपात आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोल. पाटील, तुमच्या ब्लँटन्स बर्बनवर किती वर्षं मुरवली याचा आकडा तरी आहे का? 46.5 टक्क्यांची बाटली, आणि लोक बुचावरच्या घोड्यासाठी दुप्पट पैसे मोजतात. प्रत्येक बुचावर नावातलं एक अक्षर, आठ अक्षरांची आठ बुचं जमवायची म्हणून आठ बाटल्या घेणारे मी पाहिलेत.

दुसरी वाइल्ड टर्की 101. पंचवीस-तीस डॉलर. जिमी रसेल 1954 साली त्या डिस्टिलरीत लागले, त्यांचा मुलगा आणि नातूही त्याच धंद्यात. कायद्याने पिंपात 125 प्रूफपर्यंत (प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट) भरता येतं, हे लोक 115 ला भरतात. मग बाटलीत भरताना पाणी कमी घालावं लागतं आणि पिंपातली चव बाटलीत उतरते. ती तुम्ही कोकमध्ये ढकलणार?

एडिसनचा पाटील
ओहायोकर, तुम्ही आकडे पिता की बर्बन? 101 मी प्यायलोय. पहिल्या घोटाला जीभ भाजते, दुसऱ्या घोटाला राय (ते तिखटसर धान्य) नाकात जाते, आणि चव कळेपर्यंत पेग संपतो. ब्लँटन्सला संत्र्याच्या सालीचा वास येतो, मागून काकवीसारखा गोडवा. 1984 साली डिस्टिलर एल्मर ली यांनी एका पिंपाची बर्बन म्हणून ती बाजारात आणली, तेव्हा कुणी असं काही विकत नव्हतं. त्याचे पैसे द्यायला मला लाज वाटत नाही.

मी 140 डॉलरला घेतली. मुलगी झाली त्या रात्री हॉस्पिटलमधून घरी येऊन एकट्याने उघडली. त्या बाटलीची किंमत मला कुणी शिकवू नये.

आणि चवीतच बोलायचं तर वेलर 12. गव्हाची बर्बन, म्हणजे रायऐवजी गहू घातलेली, त्या महागड्या पॅपी व्हॅन विंकलचं धान्य तेच, डिस्टिलरी तीच. त्यापुढे तुमचा पांढरा लेबलवाला उभा राहत नाही.

मुक्ता शिकागो
पाटील, लेकीचं मनापासून अभिनंदन. पण सत्तरच्या आसपास छापील भाव असलेल्या बाटलीला तुम्ही 140 दिलेत, म्हणून दुकानदार ती मागच्या खोलीत दडवतो. हे तुमच्या आनंदाविरुद्ध नाही, त्या भावाविरुद्ध आहे.

तुम्ही दोघंही ब्रँडशी लग्न लावल्यासारखे भांडताय. कंपन्या कुणाच्याच नसतात. एलायजा क्रेग बर्बनवरचा 12 वर्षांचा आकडा 2016 मध्ये गेला, नाव तेच राहिलं. मेकर्स मार्कने 2013 मध्ये 45 टक्क्यांवरून 42 वर आणायचं ठरवलं होतं. लोक इतके खवळले की काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. खवळल्याने फरक पडतो, 140 दिल्याने नाही.

माझं मत फोर रोझेस सिंगल बॅरलला. पाच यीस्ट आणि धान्याची दोन प्रमाणं, त्यातून दहा प्रकार काढतात. 50 टक्के असूनही घसा जाळत नाही. पेअर आणि मिरी एकाच घोटात लागतात. आणि एक राग आहे तो बोलतेच: आमच्या घरी बसतात तेव्हा मला न विचारता मेकर्स मार्क ओततात, "वहिनी, तुम्हाला गोड चालेल" म्हणून. मला राय आवडते. विचारा की आधी.

पुणेकर भाऊ
तुमची वीस डॉलरची भाषा वाचून जीव जळतो. 2025 च्या फेब्रुवारीत बर्बनवरचं आयात शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आलं, त्यावर राज्याचा कर आहेच. दुकानात जिम बीम, मेकर्स मार्क, संपलं. इव्हान विल्यम्सचा पांढरा लेबल मी अजून डोळ्याने पाहिलेला नाही. तेवढ्या पैशात मी गोव्याची पॉल जॉन घेतो. ब्लँटन्स काढणाऱ्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीची मालक साझरॅक, तिचाच पैसा आहे पॉल जॉनमध्ये, पाटलांनी चालवून घ्यावं. डिसेंबरात कुणी येणार असेल तर दोन बाटल्या आणा, पैसे देतो.

एडिसनचा पाटील
भाऊ, राग मानू नका, पण मी आता तिकडे चांगली बर्बन नेत नाही. गेल्या खेपेला ईगल रेअर नेली, दहा वर्षं मुरलेली. काकांनी त्यात थम्सअप ओतलं. वर म्हणाले, "ब्लॅक लेबल मिळाली नाही का?"

पुणेकर भाऊ
दिलेली वस्तू कशी वापरायची तेही तुम्ही सांगणार? काकांनी तुम्हाला लहानपणी सायकल घेऊन दिली असेल, तेव्हा ती कुठल्या रस्त्यावर चालवायची ते सांगितलं होतं का? इथे मे महिन्यात 40 डिग्रीला कच्ची मारून दाखवा. सोडा ही आमची गरज आहे, अडाणीपणा नाही.

एडिसनचा पाटील
सोडा आणि थम्सअपमध्ये फरक आहे. दहा वर्षांचं लाकूड साखरेत बुडवायचं? आणि सायकल मधे आणू नका. माझ्या काकांबद्दल मी बोलीन.

मुक्ता शिकागो
पाण्यावरून एवढं पेटू नका. 90 किंवा 100 प्रूफ लिहिलेल्या जवळपास प्रत्येक बाटलीत डिस्टिलरीनेच पाणी घातलेलं असतं, तुम्ही चमचाभर आणखी घातलंत तर आभाळ कोसळत नाही. 101 मध्ये थोडं पाणी घालून पाहा, पाटील. जीभ भाजायची थांबेल आणि व्हॅनिला वर येईल. थम्सअपबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे.

ओहायोकर
मला हे लिहायचं नव्हतं, पण काकांवर आलंच आहे तर लिहितो.

माझे वडील जतजवळचे, आयुष्यभर शेती. दोन वर्षांपूर्वी मी वाइल्ड टर्की घेऊन गेलो. त्यांनी स्टीलच्या पेल्यात घेतली, पेला सोड्याने भरला, चकण्याला भाजलेले शेंगदाणे. मला वाईट वाटत होतं, गप्प बसलो. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "मक्याची हाय न्हवं ही? कणसं भाजल्यावानी वास येतोय." मी काहीच सांगितलं नव्हतं. लेबल इंग्रजीत, त्यांना वाचता येत नाही. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप, हे मला शिकायला किती वर्षं गेली, त्यांनी सोड्यातून ओळखलं. मग रात्री बारापर्यंत त्यांनी मला मक्याच्या जाती सांगितल्या. एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो.

तीस डॉलरच्या आतली बाटली होती, पाटील. म्हणून तुमचं ते वाक्य लागलं.

पुणेकर भाऊ
सोड्यातून. हे पाटलांनी दोनदा वाचावं.

एडिसनचा पाटील
वाचलं. ओहायोकर, "पाहुण्यांसमोर ठेवत नाही" हे मी लिहायला नको होतं, तेवढं मागे घेतो. चवीबद्दलचं घेत नाही. 101 अजूनही मला तिखटच लागते, आणि तुमच्या वडिलांना मका कळला याने ती वेलरहून सरस ठरत नाही.

मुक्ता शिकागो
वेलर मिळत नसेल तर लार्सनी घ्या, तीही गव्हाची, आणि भावात खाली. पाटील हे मानणार नाहीत.

एडिसनचा पाटील
नाहीच मानणार. लार्सनीला ओल्या पुठ्ठ्याची चव आहे.

पुणेकर भाऊ
ड्यूटी न भरता दोन लिटर आणता येतात. तुमच्या बाटल्या 750 च्या, म्हणजे दोन बसतात. एक 101 ठरली. दुसरी सांगा लवकर.

एडिसनचा पाटील
वेलर न्या, ओहायोकर. आणि वडिलांना दोन्ही द्या, सोड्यातच द्या. काय म्हणाले ते इथे लिहा.

ओहायोकर
आमच्याकडे वेलर 12 ला सोडतीत नाव लावावं लागतं. तीन वर्षं लावतोय. तुमच्या दुकानात छापील भावाने दिसली तर घेऊन ठेवा, पैसे पाठवतो.