पाचवीतलं मूल, डिस्लेक्सिया. शाळा म्हणते ‘शॅडो टीचर आणा, नाहीतर दाखला न्या’

ठाणेकर_पालक: विनाअनुदानित शाळा, राज्य मंडळ. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचं, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र आहे. जादा वेळ आणि तिसऱ्या भाषेतून सूट मागितली, तर म्हणे सवलती दहावीलाच. शॅडो टीचर (वर्गात मुलाच्या शेजारी बसून मदत करणारा) आमच्या खर्चाने ठेवायचा, नाहीतर दाखला घ्यायचा. सगळं तोंडीच. दाद कुठे मागायची?

विशेष_शिक्षिका: दाखल्याचा अर्ज काही झालं तरी लिहून देऊ नका. ऑफिसात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा मजकूर सांगतात, आपण सही करतो आणि कागदोपत्री मूल आपणच काढून नेलेलं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत शाळेला मूल काढता येत नाही, म्हणून तर हा अर्ज हवा असतो.

मुख्याध्यापकांना पत्र द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. पत्र घेत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्ही. ‘सहकार्य करावे’ लिहून काही होत नाही, त्याला नकारसुद्धा येत नाही. नेमकं मागा: तासाला 20 मिनिटं जादा, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील नोट्स. उत्तर 15 दिवसांत, कारणांसह, लेखी.

कलमवाला: आधार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा घ्या. कलम 16 मान्यताप्राप्त शाळांनाही धरतं. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे शब्दशः आहे, आणि ‘फक्त दहावीला’ असं तिथे कुठेही नाही. बरेच जण कलम 31 लावतात आणि फसतात. ते 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या मोफत शिक्षणाचं, तेही परिसरातल्या (नेबरहूड) किंवा विशेष शाळेतल्या.

शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का ते आधी बघा. असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा तिथे चालत नाही. मग सगळी भिस्त दिव्यांग कायद्यावर.

ठाणेकर_पालक: अल्पसंख्याक नाही. आणि शॅडोचं काय?

विशेष_शिक्षिका: शॅडो वेगळा, विशेष शिक्षक वेगळा. विशेष शिक्षक नेमणं शाळेचं काम. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक असं प्रमाण सांगितलंय. नुसत्या डिस्लेक्सियाला शॅडो सहसा लागतच नाही. मुलाच्या तपासणी अहवालातल्या शिफारशींत तो नसेल तर तसं पत्रात लिहा. असेल तर मात्र शाळा त्याच ओळीवर बोट ठेवणार.

कलमवाला: 15 दिवस गेले की शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, आणि त्याच दिवशी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. आयुक्त शाळेला समन्स काढू शकतात, कागद मागवू शकतात. निकाल मात्र शिफारशीच्या रूपात येतो; पाळायची नसेल तर 3 महिन्यांत कारणं कळवावी लागतात. शाळेने परस्पर दाखला काढलाच तर तिथे थांबू नका, स्थगितीसाठी उच्च न्यायालयच गाठा.