नापास झालेली जीप घरीच दुरुस्त करायची, ब्रेकसकट?

सातपूरचा_जीपवाला
काल इथे एका भाऊंनी लिहिलं की १५ वर्षांची फोर-बाय-फोर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत नापास झाली, मग ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे सांधे) सगळं घराच्या अंगणात बदललं आणि गाडी पास झाली. शेवटी म्हणतात, "मेस्त्रीला पैसे देणारे आळशी." हे डोक्यात गेलं, म्हणून लिहितोय.

दिवे, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर, सायलेन्सरचं गॅस्केट घरी करा, मीही करतो. ब्रेकचं तसं नाही. मागचं एक चाक कमी धरतंय असा शेरा आला की लोक शू बदलून मोकळे होतात. जुन्या शूवर तेल होतं का? ते ॲक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल आहे की शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधून गळलेलं ब्रेक ऑइल? गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही. सील गळकंच ठेवून नवे शू चढवले तर गाडी आज पास होईल आणि पुढे शू पुन्हा तेलकट होऊन वणीच्या घाटात ब्रेक मारला की एका बाजूला ओढेल. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

अंबडचा_फिटर
आयटीआय करून आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून काढलं, मला ड्रम उघडता येत नाही? बोलेरो, स्कॉर्पिओ आपल्या नाशकातच तयार झाल्या. इथे घरटी एक माणूस स्पॅनर धरणारा सापडेल. माझ्या भाच्याकडून एका गॅरेजने चार चाकांच्या शूचे पैसे घेतले. मी ड्रम काढून पाहिले तर पुढचे जुनेच. असल्या लोकांच्या भरवशावर पोरंबाळं बसवायची का?

द्राक्षबागवाला
ब्रेक राहू द्या, आधी फीचं बोला. नोंदणी नूतनीकरण ६०० रुपयांत व्हायचं, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. वर हरित कर. शेतकऱ्याने गॅरेजला द्यायला पैसे आणायचे कुठून?

गोदाकाठ
निम्म्या जीपांचं दुखणं टायरमध्ये आहे. २८ इंचाच्या जागी ३१ इंची घालता. चाक मोठं झालं की त्याच ब्रेकचा जोर रस्त्यावर कमी पडतो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. शिवाय गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

द्राक्षबागवाला
दिंडोरीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात या एकदा. गंगापूर रोडवर बसून कायदा सांगू नका.

गोदाकाठ
माझं सासर दिंडोरीचंच आहे. सासऱ्यांची जुनी जीप अरुंद टायरवर बागेतून बाहेर यायची. अरुंद टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन धरतं, रुंद वरच तरंगतं.

द्राक्षबागवाला
खाली घट्ट जमीन असेल तर! आमच्याकडे हातभर खोदलं तरी गाळच. तिथे तुमचं अरुंद टायर ॲक्सलपर्यंत रुततं. शेजाऱ्याची जीप मी स्वतः ट्रॅक्टरने ओढून काढली.

गोदाकाठ
गाळापुरतं तुमचं धरून चालू. पण हीच चाकं घेऊन तुम्ही कसारा घाट उतरता, त्याचं काय?

अंबडचा_फिटर
टायरवरून भांडण संपलं असेल तर माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. गॅरेजवाला हमी देतो का?

सातपूरचा_जीपवाला
नाही देत. काका, तुमच्यासारख्यांनी ब्रेक उघडावेत, एवढं मान्य करतो. पण कालची पोस्ट वाचून उद्या कॉलेजचं पोरगं नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरेल, त्याचं काय? त्या पोस्टमध्ये स्टँडचा उल्लेख नाही, सीलचा नाही, ब्रेकच्या पाइपातली हवा काढण्याचा नाही. डॉट ३ ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, हवेतलं पाणी शोषल्यावर १४० लाच. कपाटात उघडी पडलेली बाटली ओतली की घाटात पेडल थेट खाली जातं.

अंबडचा_फिटर
ऑइलचं बरोबर आहे. स्टँडचंही. मग तेवढंच लिहायचं होतं, सरसकट "ब्रेकचं तसं नाही" कशाला?

सातपूरचा_जीपवाला
कारण त्यांनी सरसकट "आळशी" लिहिलं. ते वाक्य काढू द्या, मी माझं काढतो.