पेन्शनच्या पैशाचं वावर घ्यावं का नाई? पुढच्या वर्षी घरी येऊन राह्यलो

शकुंतला_पॅसेंजर
राम राम मंडळी. २००२ ले भरती झालो, पुढच्या वर्षी २४ वर्षं पुरे होते, हवालदार आहो. दोन वर्षाचं एक्स्टेंशन असते पन गुडघ्यापायी माही मेडिकल कॅटेगरी खाली गेली तं थे काई होत नाई, घरी येनं पक्कं. गाव दारव्हा तालुक्यात. बापाचं सहा एकर आहे, लहाना भाऊ वाहते. आता आमच्या धुऱ्याले लागून तीन एकर विकाले निंगालं, एकरी ११ लाख म्हनून राह्यले. भाऊ रोज फोन करते का दादा घेऊन टाक, धुऱ्याले लागून वावर पुन्हा भेटत नाई. पेन्शन २५ हजाराच्या आसपास बसते. माहा विचार असा का अर्धी पेन्शन कम्युट कराची, म्हंजे महिन्याले कापू द्याची आन त्याचे पैसे आताच एकठोक घ्याचे, त्याचे साडेतेरा लाख, मंग ग्रॅच्युइटी, एजीआय म्हंजे फौजेच्या विम्याचे पैसे, फंड, ३०० दिवस सुट्टीचे पैसे, बंदं मिळून पस्तीसच्या आसपास जाते, त्याच्यात वावर होऊन जाते. बायको म्हनते यवतमाळले खोली करू, पोरगी अकरावीत आहे. माहं म्हननं असं का एवळी वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर काढली, आता आपल्या मातीत राहाचं. बरोबर का चूक, मोकळं बोला.

बोंडअळी_२०१७
चूक. मोकळं बोल म्हनला म्हनून बोलतो, राग नको मानू. मी २०१५ ले पेन्शन आलो, आल्या आल्या अडीच एकर घेतलं, वरून लोन काढून ट्रॅक्टर घेतला, गावात मिरवलो. २०१७ ले बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली, बोंड फोडलं का आत गुलाबी अळी आन सडका कापूस. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारनीच्या औषधानं मानसं मेली, माहा सालदार बी पंधरा दिवस दवाखान्यात होता, खर्च मीच केला. २०१९ ले ट्रॅक्टर गेला. आता पुलगावले बारा घंट्याची सिक्युरिटी करतो. तुले एकच विचारतो, तू सुट्टी कवा येते? पोळ्याले नाई तं दिवाळीले, बरोबर? म्हंजे पेरनी तू २४ वर्षात पाह्यलीच नाई. मिरगाच्या पहिल्या पान्यानंतर पंधरा दिवस पाऊस दांडी मारते आन दुबार पेरनीचं बियानं उधारीत आनावं लागते, थे तू फोनवर आयकलं, पाह्यलं नाई. वावर वाईट नाई गड्या, पन तुले येत नाई.

धुऱ्यावरचा
झालं, एकाचं नुकसान झालं का साऱ्या दुनियेले सांगाचं वावर नोको घेऊ. मी बी फौजीच, गाड्या-यंत्रं दुरुस्त करनाऱ्या ईएमईतून आलो, २००९ पासून शेती करतो, संत्रा आहे दोन एकर, बाकी तूर-सोयाबीन. लोनवर ट्रॅक्टर घेतला थे तुही चूक, वावराची काय चूक? अडीच एकराले ट्रॅक्टर कोन घेते बाप्पा. ओपी, म्हंजे पोस्ट टाकनारे भाऊ, घ्या. फौजीले दोन गोष्टी येते ज्या गावात कोनाले येत नाई, सकाळी चार वाजता उठनं आन वेळेवर काम करनं. फवारा वेळेवर, डवरनी वेळेवर, अर्धी शेती तेवढ्यात सुधरते. आन महिन्याले पेन्शन येत असल्यावर सोयाबीन पडत्या भावात विकाची पाळी येत नाई, घरात भरून ठेवता येते, बाकीच्याले ठेवता येत नाई म्हनून तं ते मरते.

हिशोबनीस
भावनेचं नंतर, आधी आकडे पाहू. ३३ लाखाचं तीन एकर कोरडवाहू. मक्त्यानं दिलं तं आमच्याकडं एकरी पंधरा हजार भेटते, म्हंजे वर्षाचे ४५ हजार, दीड टक्का पन नाई. पोस्टाच्या मंथली इन्कममधे नवराबायकोच्या नावानं १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यानं महिन्याले ९२५० हातात येते, पाऊस पडो न पडो. स्वतः वाहिलं तर म्हनान, तं २०२४ चं पाहा, सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आन मार्केटमधे चार-सव्वाचार हजाराले मारामार, एकरी सहा क्विंटल धरा, त्यातून बियानं खत निंदन काढनी मळनी वजा करा, मंग सांगा काय उरते.
आता कम्युटेशन. २५ हजाराची अर्धी म्हंजे साडेबारा हजार महिना, १५ वर्षं कापल्या जाईन, १८० महिने, साडेबावीस लाख. भेटते किती? साडेतेरा. उरलेले नऊ लाख कुठं गेले विचारा स्वतःले.

कामठी_रिटर्न
@हिशोबनीस अर्धवट हिशोब लोकाले सांगू नका. साडेतेरा आज एकठोक भेटते आन साडेबावीस १५ वर्षात थोडं थोडं जाते, त्याचं व्याज काढा ना, साडेसात टक्क्याच्या आतच बसते. एवढ्या दरानं तुमाले कोन्ती बँक विना तारन कर्ज देते? आन तीन गोष्टी सांगितल्याच नाई. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर भेटते, कापलेल्यावर नाई. एकठोक रकमेले टॅक्स नाई. आन उद्या आपलं काई झालं तं बायकोची फॅमिली पेन्शन पुरी सुरू होते, कम्युटची कपात तिच्यावर येत नाई. घर बांधाचं असन, पोरीचं शिक्षन असन तं कम्युट कराव. वावरासाठी करू नये हे मात्र माहं बी मत आहे.
ओपीले सल्ला, डीएससीत जा, म्हंजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमधे. तिथं १५ वर्षं केली का दुसरी पेन्शन. वर्दी बी तेच, राशन बी तेच, टेन्शन नाई.

धुऱ्यावरचा
@कामठी_रिटर्न वाचत जा भाऊ. त्यानं वर लिवलं ना कॅटेगरी खाली आहे. डीएससीले मेडिकल लागते.

कामठी_रिटर्न
हो राह्यलं थे. गुडघा दिसला नाई मले. मंग परीक्षा द्या. आपल्या राज्यात क आन ड गटात माजी सैनिकाले १५ टक्के आरक्षन आहे, सरकारी बँकांच्या क्लार्कमधे साडेचौदा टक्के आहे. दहावी पास आन १५ वर्षं सर्व्हिस असन तं केंद्राच्या क गटातल्या बऱ्याच पोस्टले ग्रॅज्युएटच्या बरोबरीचं धरते, वयातून सर्व्हिसची वर्षं वजा होते. आमच्या कोर्समधला एक जन घरी यायच्या दीड वर्षं आधीपासून रात्री गनित करत बसे, आमी हासत होतो त्याले. आता बँकेत एसीत बसते थो आन आमी गेटवर.

पऱ्हाटीवाला
मी फौजी नाई, साधा शेतकरी. बोलू का नोको बोलू असं होऊन राह्यलं पन बोलतो. तुमी लोक पेन्शनचे पैसे घेऊन येता आन भाव न करता वावर घेता, आमच्या गावात पाच वर्षात एकरी पाच लाखाचं ११ वर गेलं, त्यात मास्तर आन तुमी, दोघंच घेनारे. ज्यानं जलमभर मक्त्यानं वाह्यलं त्याले आता थे कधीच घेनं होत नाई. आन घेऊन करता काय? दोन वर्षं हौस, तिसऱ्या वर्षी त्यालेच परत मक्त्यानं. मंग गावात भाषन की शेतकरी आळशी आहे, आमच्या फौजीत असं नसते. डिसिप्लिननं पाऊस येते का?

धुऱ्यावरचा
@पऱ्हाटीवाला आमी चोरीचे पैसे आनले का? सियाचीनले बोटं सडवून आनले. विकनारा विकते म्हनून घेनारा घेते. तुमच्या गावच्यानं पोरीच्या लग्नापायी विकलं असन, त्याचा राग आमच्यावर कायले?

पऱ्हाटीवाला
राग नाई भाऊ. सियाचीनचा मान आहे मले. भाव सांगितला फक्त.

मिसेस_हवालदार
इथं सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून लिहिते. आमचे हे २०२१ ला आले. मी अठरा वर्षं गावात सासूसोबत काढली, मधे तीन वर्षं क्वार्टर मिळालं तेवढंच. पहिल्या आठवड्यात मी शेतातून आली तर स्वयंपाकघरात सगळे डबे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लाइनीत, प्रत्येकावर पट्टी चिकटवून स्केच पेननं नाव. हळदीचा डबा मला दिसेना कारण तो "एच" मधे गेला होता. हसू पण आलं आणि रडू पण. मुलाला सांगितलं बूट दाराशी असे ठेव, टोक बाहेर. मुलगा सोळा वर्षांचा, तो बोलला पप्पा तुम्ही सुट्टीवर येत होते तेच बरं होतं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. संध्याकाळी सहा वाजले की छपरीत खुर्ची टाकून बसायचे, घड्याळ पाहायचे, मी विचारलं कोणाची वाट पाहता, म्हणाले काही नाही, रोल कॉलची वेळ आहे.
शेतात कोणत्या बाया निंदणाला येतात, कोणाला आगाऊ द्यावे लागतात, मोटरचं स्टार्टर कोण दुरुस्त करतो, सोसायटीचं कर्ज कधी नवं-जुनं करायचं, हे सगळं मला माहीत, आणि विचारायचे ते भावाला. वर्षभर लागलं त्यांना मला विचारायला. आता बरं आहे, आता दोघं मिळून करतो, दोन म्हशी घेतल्या, दूध डेअरीत जातं.
ओपी भाऊ, तुमच्या पोस्टमधे वावर कोण वाहतं ते लिहिलं, घर कोण वाहतं ते नाही लिहिलं. बायको यवतमाळ म्हणते ते खोलीसाठी म्हणते का बारावीपर्यंत पोरीजवळ राहायचं म्हणून म्हणते, एकदा नीट विचारा. आणि बापाच्या सहा एकरात सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?

चार_वर्षवाला
तुमी सारे पेन्शनवर भांडून राह्यले 😀 आमी अग्निवीर, आमाले तं चार वर्षानंतर ११ लाख ७१ हजार सेवानिधी आन रामराम. शंभरातल्या पंचवीसले ठेवते, बाकी घरी. तेवीसव्या वर्षी माजी. एका एकराचे पैसे होते तुमच्या गावच्या भावानं, धुरा बी येनार नाई त्याच्यात.

बोंडअळी_२०१७
@चार_वर्षवाला पोट्ट्या तू वावर घेऊच नको, शिक. तुह्याजवळ वय आहे, आमच्याजवळ थेच नव्हतं.

शकुंतला_पॅसेंजर
बंदं वाचलं, दोनदा. ड्युटीवरून आल्यावर मोबाईलले नेटवर्क येते तेवढ्यात वाचतो म्हनून उत्तर उशिरा.
@बोंडअळी_२०१७ शेवटचा डवरा मी बारावीत असताना हानला. खरं बोललो.
@मिसेस_हवालदार ताई, सातबाऱ्यावर बापाचंच नाव आहे अजून. बाप गेल्याले सहा वर्षं झाले, फेरफार केला नाई, भावाले म्हनाची हिंमत होत नाई, थो म्हनन दादाले वाटनी पायजे. आन बायकोले फोन केला काल. सहज विचारलं यवतमाळ कायले. थे म्हने पोरगी मेसचं खाऊन आजारी पडते, दोन वर्षं मी तिच्याजवळ राहीन, मंग तुमी म्हनान तिथं. एवळंच होतं थे. मी तीन महिन्यापासून समजून राह्यलो का तिले गाव नोको झालं.

कामठी_रिटर्न
आताच एक काम करा. पार्ट टू ऑर्डर तपासा, म्हंजे रेकॉर्डमधली घरच्याईची नोंद. माह्या रेकॉर्डमधे बायकोच्या नावाले शेवटी "बाई" लागलं होतं, आधारवर नुस्तं नाव. एवढ्यापायी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर चार महिने अडकलो, तिचं बँक खातं, जॉइंट फोटो, पोराची जन्मतारीख, सारं एका नावानं पायजे. युनिटमधे आहा तोवर क्लार्क समोर बसते, घरी आल्यावर पत्र धाडत बसा. ईएचएसचं कार्ड बी तिथूनच अर्ज करून या.

हिशोबनीस
ईसीएचएस म्हनाचं असन तुमाले, माजी सैनिकाईची दवाखान्याची योजना. आन ते कार्ड असून पॉलिक्लिनिक आमच्या गावाहून ६० किलोमीटर आहे, तापासाठी कोन जाते तिथं, पन ऑपरेशन निंगालं तर तेच वाचवते. कम्युटबद्दल माहं मत तेच आहे, करू नका.

कामठी_रिटर्न
करा पन वावरात घालू नका. आपलं नाई जमनार हिशोबनीस.

शकुंतला_पॅसेंजर
भावाले सांगितलं काल का यंदा घेत नाई. फनकन फोन ठेवला त्यानं. मंग अर्ध्या घंट्यानं त्याच्या बायकोनं लावला, म्हने दादा फेरफाराचं आमीच बोलनार होतो, सोसायटीचं कर्ज मेलेल्या मानसाच्या नावानं नवं-जुनं होत नाई, तलाठ्याकडं तुमी सुट्टी आले का जाऊ. म्हंजे थे बी घाबरूनच बसले होते. एक वर्ष भावासोबत सहा एकरातच मिरगापासून तं कापूस वेचनीपर्यंत उभा राहीन, मंग पाहू. थे तीन एकर तोवर गेलं तं गेलं, जीव तळमळते पन.

धुऱ्यावरचा
गेलं तर मंग रडू नका. एक सांगा, त्या तीन एकराले रस्ता आहे का?

शकुंतला_पॅसेंजर
पांदन आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टर जात नाई, बैलबंडी जाते.

धुऱ्यावरचा
मंग ११ लाख कायचे बे? आठच्या वर एक रुपया बोलू नका.

पऱ्हाटीवाला
आठ बी जास्त आहे.