‘पास आऊट’: तुमच्या कानावर कसा पडला?

‘तू कधी पासआऊट झालास?’ असं आपण सर्रास विचारतो. नोकरीच्या जाहिरातींतही ‘2024 पासआऊट’ असतं. अमेरिकेत मात्र याचा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे. दोन्हींपैकी कुठलाही अनुभव लिहा.

एका कॅडेटची आई, पुणे
लेक खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडला तेव्हा हा शब्द मला नीट उमगला. तिथल्या शिक्षणाची पदवी दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची, ती आदल्या दिवशीच्या समारंभात मिळते. पासआऊट होतात ते दुसऱ्या दिवशी, खेत्रपाल मैदानावरच्या परेडमध्ये, ‘अंतिम पग’ टाकून. म्हणजे पदवी वेगळी नि संस्थेतून शिकून बाहेर पडणं वेगळं. अधिकारी तर ती मुलं अजून व्हायचीच असतात. पुढे प्रशिक्षणासाठी डेहराडून (लष्कर), एळिमला (नौदल) नाहीतर दुंडिगल (हवाई दल). मे 2025 मध्ये एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ते बघताना माझे डोळे भरून आले होते.

निवृत्त फौजदार, नाशिक
आमच्या पोलीस अकादमीत याला दीक्षान्त संचलन म्हणतात. तोंडी मात्र सगळे ‘पीओपी’च म्हणतात, म्हणजे पासिंग आऊट परेड.

परिचारिका, न्यू जर्सी
पडून आलेल्या पेशंटला आम्ही विचारतोच, ‘डिड यू पास आऊट?’ पाय अडखळून पडणं वेगळं. आधी शुद्ध गेली असेल तर ईसीजी, रक्तदाब, साखर सगळं बघावं लागतं. मुलांकडे आलेले आपले आजी-आजोबा कधी कधी नुसती मान हलवतात. मग मी मराठीत विचारते, ‘भोवळ आली होती, की शुद्धच गेली होती?’ तेव्हा खरं उत्तर मिळतं. आईवडील इकडे येणार असतील तर एवढा एक प्रश्न त्यांना जरूर समजावून ठेवा.

भरती विभागात काम करते, बंगळूर
परदेशी कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड इन 2024’ लिहा. भारतातल्या कंपनीसाठी पासआऊट चालतं, त्यात कमीपणा अजिबात नाही. ब्रिटिश सैन्यातही हाच शब्द आहे.

इंग्रजीची शिक्षिका, सातारा
तिसरा अर्थ राहिला: वाटणे. ‘पास आऊट द पेपर्स’ आणि ‘पास द पेपर्स आऊट’ दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं, ‘पास देम आऊट’. बेशुद्ध होणे किंवा शिकून बाहेर पडणे या अर्थांत असं कर्म येत नाही. मुलांना मी आधी कर्म शोधायला लावते, अर्थ मग ती स्वतःच सांगतात.